दादांनी मळ्यावर पाणी का सोडले?

‘ऊस वाळत होता म्हणून’ या उत्तराला दोनपैकी दोन मार्क दिलेले पाहून मी चौगुले गुरुजींना माझ्या टेबलाशी बोलावून घेतलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सातवीच्या केंद्र परीक्षेचे पेपर तपासायला आम्ही पंधरा-वीस शिक्षक कोल्हापुरातल्या एका शाळेत बसलो होतो. मराठीची प्रश्नपत्रिका मी काढली होती. शिवाय मी मॉडरेटर होते. म्हणजे इतरांनी तपासलेले काही पेपर पुन्हा बघायचे आणि मार्क सगळीकडे सारखेच पडलेत ना, याची खात्री करायची. गुरुजी कोडोलीकडचे. घरची शेती सांभाळून शाळा करणारे.

न वाचलेल्या उताऱ्यासाठी मनासारखा मजकूर मिळेना, म्हणून तो मी स्वतःच लिहिला होता. दोन भाऊ, एक मळा, त्यावरून धुसफूस. थोरला मनाचा मोठा. वातावरणासाठी वैशाखाचं ऊन आणि माना टाकलेला ऊस. शेवटचं वाक्य मला विशेष आवडलं होतं: ‘अखेर दादांनी मळ्यावर पाणी सोडले आणि त्या दिवशी ते निश्चिंत झोपले.’ प्रश्न होता, दादांनी मळ्यावर पाणी का सोडले? पाणी सोडणे म्हणजे हक्क सोडणे. नमुना उत्तर, भावाभावांत भांडण नको म्हणून.

हे सगळं मी गुरुजींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई, पोरगं खेड्यातलं हाय. त्याच्या मळ्यावर आठवड्यातनं दोनदा पाणी सुटतंय. हक्क सोडताना त्यानं कुणाला बघितलंय?”

“पण उतारा मी लिहिलाय, गुरुजी. मला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक आहे.”

“तुम्हाला ठाऊक हाय की. पेपरात न्हाई ते.”

आवाज वाढले तसे आजूबाजूचे पेन थांबले. शहरातले शिक्षक माझ्या बाजूला, खेड्यातले गुरुजींच्या. त्या दोन मार्कांवर बरीच मुलं पास-नापासाच्या काठावर होती, त्यामुळे कुणी मागे हटेना. शेवटी प्रमुख परीक्षक देशपांडे सर उठून आले. त्यांना शनिवारच्या आत काम संपवायचं होतं.

तेवढ्यात शाळेचे शिपाई बाबूमामा चहा घेऊन आले. कागलकडचे, दोन एकर ऊस असलेले. सरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, अख्खा उतारा वाचून दाखवला आणि विचारलं, दादांनी पाणी का सोडलं?

मामा विचारात पडले. मला वाटलं, त्याग त्यांच्या मनाला भिडला असावा.

“सोडलं ते बरं केलं,” ते म्हणाले. “पण पाणी सोडून ह्यो माणूस झोपला कसा? बांध फुटला तर पाणी शेजाऱ्याच्या रानात जातंय. दादा काय कामाचा दिसत न्हाई.”

गुरुजी खिडकीबाहेर बघू लागले. मी मात्र सकाळचा गठ्ठा पुढे ओढला. पुढचा प्रश्न होता, ‘यावरून दादांचा स्वभाव कसा दिसतो?’ माझं उत्तर त्यागी. गुरुजींच्या गठ्ठ्यात कष्टाळू. पण सकाळी एका मुलीच्या पेपरात ‘निष्काळजी’ असं उत्तर आलं होतं. मी त्याला शून्य दिलं होतं आणि समासात लाल शाईनं लिहिलं होतं, ‘उतारा नीट वाचावा.’

तो पेपर मी स्वतःहून काढून सरांपुढे ठेवला. सरांनी वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “बाई, प्रत्येक पेपराबरोबर तुम्हाला अर्थ सांगायला पाठवता आलं असतं, तर प्रश्नच नव्हता.”

मग निर्णय झाला. हक्क सोडला आणि ऊस भिजवला, दोन्हींना पूर्ण मार्क. त्यागी, कष्टाळू, निष्काळजी, तिन्ही बरोबर. तपासून झालेले सगळे गठ्ठे पुन्हा सोडून तपासायचे. शनिवारचं काम मंगळवारवर गेलं. दोन दिवस माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. माझ्या वाटणीचा निम्मा गठ्ठा चौगुले गुरुजींनी न सांगता उचलला आणि तपासून दिला. लाल शाईचा तो शेरा मी खोडला आणि शेजारी सही केली.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी कितीतरी प्रश्नपत्रिका काढल्या. छापायला देण्याआधी उतारा दोघांना वाचायला द्यायचे. एक व्याकरण येणारा, दुसरा शेत असणारा. लिहिणाऱ्याच्या मनातला अर्थ हाही एक अर्थ असतो. त्याला जादा मार्क नसतात.