सौंदडचे सात चहा

गोंदिया स्टेशनवर उतरलो तेव्हा पिशवीत फुटाणे आणि जवसाची चटणी होती, आणि डोक्यात भरपूर उपदेश. ताईचा फोन आला होता. भाऊजींच्या पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने झाले तरी सुकत नव्हती. साखर उतरली नाही तर अंगठा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "माझं ऐकत नाहीत. तू ये आणि त्यांच्यासमोर नीट जेवून दाखव," ताई म्हणाली. मधुमेह मलाही आहे. तो मी कसा काबूत ठेवलाय, हे मी नातलगांना न विचारता सांगत असतो, म्हणून ही कामगिरी माझ्यावर आली.

पुढे पॅसेंजरने सौंदड. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातशेतं), मधूनच एखादी बोडी (लहान तळं). ताईने जेवायला बोडीतल्या माशांचा रस्सा, ताटभर भाजी आणि वाटीभरच भात वाढला. भाताचा डोंगर उपसणारे भाऊजी मुकाट्याने जेवले. पहिल्याच दिवशी गड सर केला म्हणून मी खूश!

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी मोपेड काढली. "चला पाहुणे, गाव दाखवतो." त्यांनी मला गाव कमी आणि ओसऱ्याच जास्त दाखवल्या. प्रत्येक घरी चहा, आणि साखर अशी की ओठाला ओठ चिकटावेत. पाहुण्याने चहा नाकारायचा नाही आणि सोबत्याने पाहुण्याला एकटं पिऊ द्यायचं नाही, अशी तिथली रीत. परक्या घरी पहिल्याच भेटीत आजार काय सांगायचा, म्हणून मीही गुमान पीत होतो. चौथ्या घरी भाऊजींनी माझ्या मानाखातर आणखी अर्धा कप मागून घेतला, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ताईने मला नमुना म्हणून बोलावलं होतं आणि या गृहस्थाने माझी सबब केली होती! असा संताप आला म्हणता! तरी पुढच्या दोन घरी मी प्यायलोच.

सातवं घर एका म्हाताऱ्या आजींचं. कप हातात आला आणि माझी नजर भाऊजींच्या पट्टी बांधलेल्या अंगठ्यावर गेली. मी कप खाली ठेवला.

"आजी, मला शुगर आहे. भाऊजींनाही आहे. आम्ही दोघं हा चहा पिणार नाही."

भाऊजी छताकडे बघू लागले. आजींनी आधी मला न्याहाळलं, मग स्वतःच्या कपाला.

"मंग आधी काऊन नाही सांगतलं जी? मलेबी हाये ना शुगर. पाहुण्यापुढं फिक्का चा कसा ठेवू म्हणून मीबी पिऊन राहिली."

आतून त्यांच्या मुलाचा आवाज आला, "मलेबी हाये."

आम्ही सगळेच हसलो, भाऊजी सोडून. आजी त्यांच्याकडे वळल्या. "अंगठा गेल्यावर धानाच्या रोवणीले चिखलात काठी घेऊन उभा राहाशीन का रे?" भाऊजींची मान खाली गेली. डोळे भरले होते.

आजींनी संध्याकाळपर्यंत उरलेल्या सहाही घरी बातमी पोचवली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा बोलावून फिक्का चहा पाजला. भयंकर होता, पण मानाचा होता.

परवा ताईचा फोन आला. जखम सुकली, अंगठा वाचला. श्रेय आजींचं. शिकवायला गेलेल्या माझी सहा घरं तोंड उघडायची हिंमत झाली नव्हती. आता कुणाकडेही गेलो की उंबऱ्यातूनच सांगतो, मला साखर आहे, चहा फिक्का. बहुतेक वेळा आतून कुणीतरी हळूच म्हणतं, "मग माझाही तसाच टाका."