पंपापुढचे विडे

आगीच्या पंपाची होज धुवायची तर अंगावर पाणी घ्यावंच लागतं. लांबून बादली फेकून ती धुतली जात नाही. खंडेनवमीच्या सकाळी दाजी भोईर सुकापूरच्या गावकीच्या खोलीपुढे उकिडवा बसून होज धूत होता. काथ्याने घासायची, हातभर पुढे सरकवायची, परत घासायची. जोडाच्या कपलिंगपाशी माती धरते, तिथे खराट्याची काडी फिरवायची. पूर्वी या कामाला माणसं समोरासमोर बसत. एक घासायचा, एक ओढायचा. आता दाजी थोडी घासायचा, उठून थोडी ओढायचा आणि परत येऊन बसायचा. उठताना गुडघ्यावर हात द्यावा लागे.

धुऊन झाली की वाळवणं आलं. ओली होज गुंडाळून ठेवली तर ती आतून कुजते आणि नेमकी आगीच्या वेळी फुटते. म्हणून खोलीच्या बाजूला उंच लोखंडी खांब पुरलेला होता, त्याला कप्पी होती. दाजीने दोर ओढायला घेतला. ओढायचा, पायाखाली दाबायचा, दम खायचा, परत ओढायचा. होज लोंबू लागली आणि खालच्या टोकातून पाणी ठिबकायला लागलं.

"दाजी, कुनासाठी येवरा आटापिटा?"

दीनानाथ स्कूटर थांबवून विचारत होता. तो गावच्या मंडळाचा अध्यक्ष. दाजीपेक्षा वयाने बराच लहान.

"उद्या दसरा. सराव हाय."

"तेच सांगायला थांबलो. चौघं उभी र्‍हायली तर खोली तुमची. नायतर चावी माजी. ठरलंय ना?"

"ठरलंय. सारखा सारखा काय इचारतंस? मी काय आंधला, की बहिरा?"

दीनानाथ हसला. "तुमी बहिरं नाय, दाजी. तुमी ऐकत नाय, येवराच." आणि गेला.

त्याचं चुकत होतं असं नाही. मंडळाला पोरांसाठी व्यायामशाळा काढायची होती आणि गावात दुसरी जागा उरली नव्हती. खोलीत काय होतं? एक जुना पंप, होजची भेंडोळी, बादल्या, दोन शिड्या आणि दाजी.

आग विझवायचं गावचं हे पथक उभं राहिलं त्याला खूप वर्षं झाली. तेव्हा सुकापूर हे गाव होतं. परड्यात पेंढ्याच्या उडव्या असायच्या. एका उडवीने पेट घेतला, तिथून आग गोठ्यावर गेली. पनवेलहून बंब आला, पण गल्ली एवढी चिंचोळी की तो तोंडाशीच अडकला. बंबावरच्या माणसांनी जिवाचं रान केलं, पण पाणी गोठ्यापर्यंत पोचलं नाही. बांधलेली जनावरं गेली. त्यांचं ओरडणं ऐकलेली माणसं पुढे कितीतरी दिवस जेवताना गप्प असायची.

दाजी तेव्हा तळोज्याला एका कारखान्यात पंपावर होता. कंपनीने मोडीत काढलेला पंप त्याने साहेबांच्या मागे लागून मागून घेतला. इंजिन उघडलं, रॉकेलने धुतलं, रविवारच्या रविवार घासलं. वॉशर आणि कपलिंगं ताहेरने दिली. ताहेरचं पनवेलला पाइपांचं दुकान आणि गोदाम मात्र सुकापूरच्या वेशीवर, त्यामुळे तो अर्धा गावचाच. गावातली तरणी माणसं जमली. रेल्वेच्या रुळाचा तुकडा खोलीपुढे टांगला. रुळावर घण पडला की अर्धी दाढी केलेली माणसंसुद्धा धावत यायची.

नियम एकच होता. पाणी सोडायचं तर चौघं हवीत. एक पंपावर, एक मधे होजवर, दोघं होजच्या तोंडाशी, नोझलला. हा नियम पथकातल्या बाळूच्या तोंडाने शिकवला. सरावाच्या वेळी जोडीदार हसत बाजूला झाला आणि बाळूने नोझल एकट्याने धरलं. पाणी जोरात आलं, नोझल हातातून सुटलं, सापासारखं उलटलं आणि त्याचा जबडा फोडून गेलं. बाळू वारला तोवर त्याचं तोंड वाकडंच होतं. त्या दिवसापासून तीनच माणसं असताना दाजीने कधी पाणी सोडलं नाही. कुणी कितीही म्हटलं तरी.

आणि एक रीत होती, ती वेणूने घातलेली. वेणू म्हणजे दाजीची बायको. खंडेनवमीला पंपाची पूजा झाली की तिने पहिल्या वर्षी प्रत्येक माणसाच्या नावाचा एक विडा पंपापुढे मांडला. पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी यायचं, आपला विडा उचलायचा, मगच पंपाला हात लावायचा. विडा उचलला म्हणजे पुढचं वर्षभर रुळावर घण पडला की यायचं. नसेल जमत तर विडा तसाच ठेवायचा. कुणी कुणाला विचारायचं नाही, रागवायचं नाही. विडा पडून राहिलेला सगळ्यांना दिसतोच.

आधी एखाद दुसरा राहायचा. कुणी बोटीवर गेला, कुणी जमीन विकून खारघरला राहायला गेला. मग राहणारे वाढले. गावाभोवती टॉवर उठले. त्यांच्या जिन्यांत आग विझवायचे लाल पाइप आले. गावातली घरं चार मजली झाली, त्यांत भाडेकरू आले, जे दर वर्षी बदलतात. बंबही आता लहान निघाले आहेत, गल्लीत शिरतात. हे दाजीला माहीत होतं. तो ते कुणापाशी बोलत नसे, एवढंच.

वेणू गेल्यावर विडे तो स्वतः लावू लागला. पानाला चुना फासताना त्याचा हात तिच्यासारखा फिरत नसे. तरी जेवढी नावं होती तेवढे विडे तो मांडायचा. मेलेल्यांचे सोडून.

मुलगा भावेश कामोठ्याला फ्लॅटमध्ये राहत होता. दर फोनला त्याचं एकच. "बाबा, इथे या. तिथे एकटे काय करता?" दाजी म्हणायचा, "पंपाचं बघायला कोन?" या उत्तरावर भावेश विषय बदलायचा. खोली गेली तर दाजीकडे हे उत्तर राहणार नव्हतं. मग पिशवी भरायची आणि कामोठ्याच्या सेक्टरमध्ये खिडकीशी बसायचं. खालच्या रिक्षा बघत.

दुपारी तो सरावाची आठवण द्यायला पथकातल्यांच्या घरोघर गेला. एकाने दार उघडून चहा दिला आणि कमरेचा पट्टा दाखवला. एकाच्या सुनेने सांगितलं, पप्पा देवीला गेलेत. एक जुना गडी भेटला, मिठी मारली, जुन्या आगींच्या गोष्टी काढल्या, डोळ्यांत पाणी आणलं, आणि शेवटी म्हणाला, "दाजी, उद्या गाडीची पूजा हाय रे. नवी घेतली ना." दाजीने गाडी बघितली. चांगली होती. तसं सांगून तो निघाला.

संध्याकाळी वाळलेली होज उतरवली, गुंडाळली. पंपाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ ठेवला. विडे ओळीत मांडले आणि त्यांच्यावर ओलं फडकं टाकलं, पानं सुकू नयेत म्हणून.

दसऱ्याला सकाळी दाजीने आपला विडा उचलला आणि पंप ढकलत गावच्या तळ्याच्या काठाशी नेला. चाकं होती, पण चढ होता. विड्यांचं ताट त्याने काठावरच्या ओट्यावर ठेवलं. मग खोलीपाशी परत येऊन रुळावर घण घातला.

आवाज गावभर गेला. टॉवरच्या गॅलऱ्यांत माणसं आली. दोघातिघांनी मोबाइल समोर धरले. पाचव्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "ओ काका, बाळ झोपलंय! कसला आवाज करताय?"

"झाला, झाला," दाजीने हात वर करून सांगितलं. आणखी एकदा मारायचा होता. मारला नाही, तळ्याकडे परतला.

पहिला आला ताहेर. रिक्षातून उतरायलाच त्याला वेळ लागला. आधी काठी, मग एक पाय, मग दुसरा.

"क्या दाजी, अजून जिंदा आहेस?"

"तुज्या आधी कसा मरीन? तुजी उधारी हाय अजून."

"तौबा! सणाच्या दिवशी खोटं." ताहेर ओट्यापाशी गेला, फडकं उचललं आणि आपला विडा घेतला. दर वर्षी म्हणायचा तेच म्हणाला, "पूजा तुझी, पान माझं." तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं. "वेणूभाभी होती तेव्हा पान होतं. हा तर नुसता चुना आहे रे."

"मग थुक."

"नाही थुकणार."

दोघं ओट्यावर बसून गल्लीकडे बघत राहिले. ताहेर त्याच्या गुडघ्याविषयी बोलत होता. दाजी हं हं करत होता. गल्लीतून फुलांनी मढवलेल्या मोटारसायकली जात होत्या. त्यांवरची पोरं हात करत होती.

मग निशा आली, भावेशची बायको. भावेशला ड्यूटी होती, म्हणून सासऱ्याला जेवायला न्यायला ती स्कूटीवरून एकटीच आली होती. आपट्याची पानं दिली, वाकून नमस्कार केला. "बाबा, चला ना, श्रीखंड केलंय. हे काय, प्रसाद का?" आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने ताटातला एक विडा तोंडात टाकला.

ताहेर पोट धरून हसायला लागला. "बेटी, संपलीस तू! वर्षभर बांधली गेलीस."

दाजीने रीत सांगितली. निशा तोंडातलं पान तसंच धरून ऐकत राहिली. "अय्या! मग आता?"

"मग काय, होज धरायची," दाजी म्हणाला. तोही हसला, पण थोडाच. कामोठ्याहून ती निघून इथे पोचेपर्यंत काय उरणार, हे त्याच्या मनात येऊन गेलं. मुलगी मनाची चांगली होती. त्याने तिला होजवर कुठे उभं राहायचं ते दाखवलं आणि चप्पल काढायला लावली.

तिघं झाली.

दीनानाथ आला तेव्हा ऊन चढलं होतं. पांढराशुभ्र लेंगा-सदरा, कपाळाला टिळा. त्याने तिघांना मोजलं, ताटाकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं. दाजी पंपावरची माळ नीट करत होता, जी आधीच नीट होती.

"तीन हायेत," दाजीच म्हणाला शेवटी. "तीनवर मी पानी सोरत नाय."

दीनानाथने खाली बघितलं. मग एकदम सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. "चला. मी हाय चौथा. माजा बाप काय सांगायचा, दाजीच्या पथकात होतास, इसरू नको."

खरंच होता तो. मिसरूड फुटायच्या वयात दोन वर्षं नोझल धरलं होतं. तो सरळ नोझलपाशी गेला, लेंगा खोचला आणि उभा राहिला. दाजीने त्याचे पाय बघितले. डावा पुढे, उजवा मागे, कंबर होजला टेकलेली. विसरला नव्हता. दाजी त्याच्या मागे उभा राहिला. ताहेरने काठी बाजूला टाकून पंप चालू केला. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं.

आधी होज जमिनीवर फुगत आली. निशा ओरडली, "बाबा, हलतंय हे!" "धर! सोरू नको!" मग पाणी आलं. नोझलने मागे धक्का दिला, दाजीच्या खांद्यापर्यंत तो पोचला, आणि दोघांनी मिळून तो अंगावर घेतला. पाणी तळ्यावर उंच गेलं, वाऱ्याने फुटलं, परत अंगावर आलं. दीनानाथचा सदरा भिजून अंगाला चिकटला. तो पोरासारखा हसत होता. "उजवीकरं!" दाजी म्हणाला. दोघं एकदम वळली. "खाली!" दोघं एकदम वाकली. इतक्या वर्षांत दाजीच्या पुढे कुणी असं धरलं नव्हतं. त्याला वाटलं, अजून जरा चालू दे. पण पंपाचं तेल फुकट जात होतं. त्याने हात वर केला, ताहेरने इंजिन बंद केलं.

"झाली की चार!" दीनानाथ तोंड पुसत म्हणाला. "खोली तुमची. मंडळाला मी सांगतो."

निशाने टाळ्या वाजवल्या. ताहेर मात्र ताटाकडे बघत होता. दाजीनेही बघितलं.

"दीना," दाजी हळूच म्हणाला, "तुजा विडा तसाच हाय."

दीनानाथ हसत ओट्याकडे गेला. "र्‍हायलाच की! घेतो ना." त्याने हात पुढे केला. पानाला बोटं लागली आणि तिथेच थांबली. ओल्या सदऱ्यातून पाणी गळत होतं.

"दाजी," तो म्हणाला, "साइट हाय, मंडळ हाय. महिन्यातलं अरधं दिस मी गावात नसतो. घेतो म्हनलं तर घेईन. पन..."

"नको घेव."

"येक दिवस यायला मना काय अडचन नाय हो."

"ठावं हाय. चांगला धरलास. पन आग सांगून येत नाय." दाजीने कमरेच्या करगोट्याला बांधलेली खोलीची चावी सोडली. गाठ ओली होती, सुटायला वेळ लागला. मदत करायला निशा पुढे झाली, त्याने मान हलवली आणि स्वतःच सोडली. चावी ओट्यावर, ताटाच्या बाजूला ठेवली. "ही तुजी."

"दाजी, ऐका तरी. मी खोली दिली ना?"

"चौघांना दिलीस. चौघं नाय."

दीनानाथने चावी लगेच उचलली नाही. पंपाला हात लावून म्हणाला, "याचं काय करायचं?"

"जिथं चारजन घरी असतान तिथं दे."

सगळीच असं गाव आठवत राहिली. कुणाला आठवलं नाही.

थोड्या वेळाने दीनानाथने पंप ढकलत खोलीत नेला. दाजीने मागून हात लावला, तो नको म्हणाला नाही. ताहेरची रिक्षा आली. तो आत बसला, एक पाय, मग दुसरा, मग काठी. "पुढच्या दसऱ्याला कुठे येऊ रे?" त्याने विचारलं. दाजीने त्याच्या मांडीवर थाप मारली. रिक्षा गेली.

"बाबा, आता तरी चला," निशा म्हणाली. "पिशवी भरायची असेल तर मी भरते."

"तू हो फुडं. होज वालली पायजे. ओली देता येत नाय कुनाला."

"मी थांबते ना मग."

"श्रीखंड बाहेर र्‍हायलं आसंल. जा तू. मी येतो सांजच्याला. खरंच येतो."

ती गेली. दाजीने होज धुतली. सणाचा दिवस असला तरी कपलिंगमधली माती काढली. मग दोर धरला. ओढायचा, पायाखाली दाबायचा, दम खायचा. होज खांबाच्या टोकाला पोचल्यावर त्याने गाठ मारली आणि खोलीच्या पायरीवर येऊन बसला. बाजूला तळ्यावरून आणलेलं ताट होतं, त्यात न उचललेले विडे. चावी दीनानाथने नेली होती.

ऊन होजवरून हळूहळू खाली सरकत होतं. मधूनमधून दाजी उठायचा आणि खालचं टोक चिमटीत धरून बघायचा. अजून ओलं होतं.