दोन्ही उत्तरं बरोबर

जोन्जू शहरातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता प्योन मिसुकबाईंची सगळी हयात एकाच प्रश्नाशी झगडण्यात गेली. 'शॉप वॉज क्लोज्ड' म्हणजे दुकान कोणी बंद केलं, की नुसतं बंद होतं? पोरींना त्या सांगत, "करणारा शोधा गं. सापडला तर कर्मणी. नाहीतर ते दुकानाचं विशेषण, 'रिकामं' म्हणावं तसं."

यंदाच्या सहामाहीत त्यांनी तेच विचारलं. वाक्य होतं, 'दुकान हिवाळाभर बंद होतं.' वर्गातल्या दोन हुशार पोरींपैकी सोदामने विशेषण लिहिलं, आणि तेवढ्यावर ती पहिली आली. सोदामला आईबाप नाहीत. आजी बाजारात सोयाबीनच्या मोडांचं सूप विकते. विद्यापीठाकडे शाळा एकाच मुलीची शिफारस करते, पहिल्या आलेलीची.

दुसरी आली ती पालक समितीच्या अध्यक्षीणबाईंची लेक. तिने कर्मणी लिहिलं होतं; हा एक प्रश्न सोडला तर गुण तिचेच जास्त. हरकती घ्यायच्या आठवड्यात अध्यक्षीणबाई शिकवणीच्या मास्तरांचं 'कर्मणीही चालेल' असं मत छापून घेऊनच आल्या.

मुख्याध्यापक म्हणाले, "प्योनबाई, दोन्ही उत्तरं बरोबर धरा. कोणाचं काय जातंय?"

"सोदामचा पहिला नंबर जातोय, सर."

"तिचे गुण कुठे कापतोय आपण? आणि तुमची निवृत्ती तोंडावर आलीय. कशाला डोक्याला ताप?"

चर्चमध्ये रोज पहाटेच्या प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसणाऱ्या मिसुकबाईंनी पर्समधून सहीऐवजी मारायचा आपल्या नावाचा शिक्का काढला.  गुण दुरुस्तीच्या कागदावर तो अगदी सरळ उमटला.

दुरुस्त निकाल फळ्यावर लागायच्या आत सोदामची आजी शिक्षकांच्या खोलीत आली. हातात रुमालाचं गाठोडं. त्यात लाल घेवडा लावलेल्या तांदळाच्या वड्या, वाफाळत्या.

"बाई, आमची पोर पहिली आली! गरम आहेत तोवर खा. तुम्ही नसता तर तिला कुत्रं विचारत नव्हतं."

खरं सांगायला मिसुकबाईंनी तोंड उघडलं, आणि निघालं ते भलतंच. "आजी, मला घेता नाही येणार. शिक्षकांनी पोरींच्या घरच्यांकडून काही घ्यायचं नाही, कायदा आहे."

"तांदळाच्या वडीला मेला कसला कायदा!"

"कायदा म्हणजे कायदा, आजी."

आजीने गाठोडं पुन्हा बांधलं, कंबरेत वाकून नमस्कार केला. खिडकीखालच्या फाटकाशी जाऊन शिपायाला सांगू लागली, "बाई फार सचोटीच्या हो. वडीचा तुकडासुद्धा घेतला नाही. पोर चांगल्या हातात आहे."

मिसुकबाईंनी उठून खिडकी लावून घेतली.