सत्काराची शाल

आमच्या झरी गावात बारावीच्या निकालानंतर गुणवंतांचा सत्कार होतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मुलीला शाल द्यायला एक संस्थाचालक आले होते. फ्लेक्सवर त्यांना ‘शिक्षणमहर्षी’ म्हटलं होतं. महर्षी पांढऱ्या गाडीतून उतरले, मुलीला शाल पांघरली आणि लांबलचक भाषणात म्हणाले, “पैशापायी एकही लेक घरी बसणार नाही. माझ्या कॉलेजचं दार उघडं आहे.” टाळ्या मीही वाजवल्या. पुढच्या रांगेत बसलं की वाजवाव्याच लागतात.

त्याच कॉलेजात तिला मेरिटवर फार्मसीची जागा मिळाली. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी मी मायलेकींबरोबर गेलो. आईच्या पिशवीत ती शाल होती.

“ही कशाला, वहिनी?”

“सायबांनी सोताच्या हातानं पांघरलीय, भाऊजी. दाखवली की वळखतील.”

मुलींची शिक्षण फी सरकार भरतं. म्हणून कॉलेजनं बाकीच्या फियांची बारशी उरकली होती: विकास, सुविधा, अनामत. त्या वर्षी या सगळ्यांनीच अंग धरलं होतं. कारकून म्हणाला, “पाचपर्यंत भरा, नाहीतर जागा पुढच्या फेरीत जाईल. हप्ते नाहीत.”

आईनं साहेबांच्या दारावरच्या शिपायापुढे शाल उलगडली. तो हसला. “मावशे, असल्या शाली सायेब गठ्ठ्यानं वाटतेत. कुणाकुणाला वळखतील?”

साहेब काचेपलीकडे दिसत होते. गळ्यात हार होता. आत कुणीतरी त्यांचाच सत्कार करत होतं. मी चिठ्ठी पाठवली. ‘मीटिंग चालू आहे,’ असा निरोप आला. पाचला खिडकी बंद झाली. जागा गेली.

परवडत नसेल तर येऊ नका, असं तोंडावर सांगा की. आधी स्टेजवर बोलवायचं, नारळ द्यायचा, फोटो छापायचा आणि मग खिडकीवरून हाकलायचं, हा कुठला सन्मान? दार उघडं होतं म्हणे. होतंच; आम्ही त्यातूनच बाहेर पडलो.

एसटी स्टँडवर बाक धुळीनं माखला होता. आईनं त्यावर शाल अंथरली. “बस, माय. लय येळ उभी हायेस.”

मुलगी बसली नाही. तिनं शाल उचलली, झटकली आणि माझ्या हातात दिली.

“काका, पुढच्या सत्काराला तुमी जाताल ना? ज्याची त्याला द्या.”

ती आता परभणीत एका मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. मागच्या वर्षी महर्षींना वेळ नव्हता. यंदा ते येणार आहेत. शाल मी इस्त्री करून ठेवली आहे, आणि बसणार पुढच्याच रांगेत.