डॉक्टरांच्या गाडीचा मेंदू

आमचे डॉक्टर सल्ला फक्त तोंड उघडं असलेल्या माणसाचाच घ्यायचे. पेशंट खुर्चीत आडवा, गालात कापसाचे बोळे, ओठाला थुंकी ओढणारी नळी लटकलेली, आणि डॉक्टर बारक्या आरशात त्याची दाढ निरखत विचारायचे, "मला सांगा, मोठा टर्बो बसवल्यावर कंपनीचाच कॉम्प्युटर ठेवावा की अख्खा नवीन घालावा?" पेशंट "आँ" म्हणायचा. डॉक्टर मान डोलवायचे. "बरोबर. माझंही तेच मत आहे." अंधेरीतल्या त्या दवाखान्यात मी त्यांची असिस्टंट होते, लग्नाच्या आधीपासून ते माझी मुलगी कॉलेजात जाईपर्यंत. त्या एका 'आँ'मधून डॉक्टरांनी काय काय अर्थ काढले, ते मी या कानांनी ऐकलंय.

दवाखाना सोसायटीच्या तळमजल्यावर आणि डॉक्टरांचं घर त्याच्याच वर. खिडकीतून कंपाउंड दिसायचं आणि कंपाउंडात गाडी दिसायची. म्हणजे गाडीचं कव्हर दिसायचं. आत एक जुनी टर्बो सेडान होती, आणि तिला मढच्या विल्फी मेकॅनिकने इंजिनात जादा हवा कोंबणारा भलामोठा टर्बो, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, जाड पाइप असं सगळं बसवून दिलं होतं. राहिला होता तो फक्त मेंदू. इंजिनाला किती पेट्रोल पाजायचं आणि ठिणगी नेमकी कधी टाकायची हे ठरवणारा कॉम्प्युटर. जुन्या मेंदूवर नवा टर्बो चालवला तर इंजिन जळणार, म्हणून मेंदू ठरेपर्यंत गाडी चालू करायची नाही, आणि डॉक्टरांचा मेंदू काही ठरत नव्हता. वर्षं गेली. कव्हरावर मांजरी व्यायल्या. डॉक्टरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, डिकीत गणपतीचं मखर ठेवायला सुरुवात केली.

पर्याय तीन होते, आणि ते मला आजही झोपेतून उठवून विचारलेत तर सांगेन. पहिला म्हणजे एक छोटी डबी. ती जुन्या कॉम्प्युटरला खोटं सांगत राहते, की बाबा रे, सगळं ठीक आहे, तू आपलं काम कर. डॉक्टरांना तिचा राग. "ही पेनकिलर आहे गं, सुनंदा. दुखणं आत तसंच." दुसरा पर्याय, जुन्याच कॉम्प्युटरमधली आकडेमोड नव्याने लिहून घ्यायची. ते रूट कॅनाल. आणि तिसरा, जुना काढून अख्खा नवीन बसवायचा. म्हणजे दात उपटून इम्प्लांट. आता ज्या माणसाने उभं आयुष्य "स्वतःचा दात तो स्वतःचा दात" असं लोकांना बजावण्यात घालवलं, त्याच्या हातून कंपनीने दिलेला मेंदू उपटला जाईना. बरं, उपटायचा ठरवला तरी नवा ऑस्ट्रेलियाचा घ्यावा की न्यूझीलंडचा, यावर पुढचं वर्ष निघत असे. वधूवर सूचक मंडळातसुद्धा इतका घोळ कोणी घालत नाही.

आणि हाच माणूस दाताच्या बाबतीत काय वाघ होता! एक्सरे प्रकाशासमोर धरायचा, "काढा" किंवा "ठेवा", संपलं. आमच्याकडे येणारा प्रत्येक मध्यमवर्गीय माणूस शेवटी एक प्रश्न विचारायचाच. आपल्याकडे तो सगळ्या डॉक्टरांना विचारतात. "डॉक्टर, तुमच्या घरचं कोणी असतं, तर तुम्ही काय केलं असतं?" बाकीचे डॉक्टर यावर गोलमाल बोलतात. आमचे नाही. ते क्षणात खरं उत्तर द्यायचे, आणि ते उत्तर कधीकधी आमच्या धंद्याच्या पार विरुद्ध असायचं. "माझी बहीण असती तर म्हटलं असतं, घरी जा, मिठाच्या पाण्याने चूळ भर, काही झालेलं नाही तुला." मी बाजूला उभी राहून कपाळाला हात लावायचे.

गाडीसाठी मात्र मतदान. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या नाडकर्णी बाई खुर्चीत होत्या. डॉक्टरांची नेहमीची सूचना, दुखलं तर डावा हात वर करा. ड्रिल चालू असताना डॉक्टर रंगात येऊन म्हणाले, "मला तर आता वाटतंय, नवीनच घालावा." बाईंनी झटकन डावा हात वर केला. डॉक्टर हर्षभरित! "बघ सुनंदा, नाडकर्णी बाईंचाही पाठिंबा!" आणि ड्रिल तसंच चालू. बाईंनी दुसरा हात वर केला. "दोन्ही हातांनी!" मी शेवटी पायाने ड्रिलचं पेडल ओढून घेतलं, म्हणून बाई बचावल्या. पुढे कित्येक दिवस त्या जिन्यात भेटल्या, की डॉक्टरांकडे गालाला हात लावूनच बघायच्या.

घरी मी हे सांगितलं, की आमच्या सासूबाई मालवणीत विचारायच्या, "तुझो डॉक्टर खुळावलो काय गो?" मी म्हणायचे, नाही हो, हुशार आहे, फक्त गाडीपुरता खुळा आहे. खरं सांगायचं तर मला ते खूळ आवडायचं. दिवसभर किडकी तोंडं बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत खिडकीकडे बघताना जी चमक यायची, ती बघायला मी घरचं काम टाकून लवकर यायचे.

मग सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी जागा रिकाम्या करायच्या, इमारत पडणार. डॉक्टर आणि वहिनी मुलुंडला लेकीच्या शेजारी भाड्याने जाणार होते, आणि दवाखाना कायमचा बंद. डॉक्टर म्हणाले, या वयात नवीन ठिकाणी खुर्ची मांडायची हौस नाही. हे एवढंच एक वाक्य, तेही हात धुता धुता, माझ्याकडे पाठ करून. त्यानंतर दवाखान्याचं नाव नाही. जे काही बोलणं ते गाडीचं. कारण वहिनींनी जाहीर केलं होतं, "जायच्या दिवशी गाडी स्वतःच्या ताकदीने गेटबाहेर गेली, तर ती मुलुंडला येईल. ढकलायची वेळ आली, तर भंगारवाल्याला मी सांगून ठेवलंय." आणि वहिनी बोलल्या की बोलल्या. भंगारवाला खरंच एकदा येऊन कव्हर उचलून गाडी बघून गेला. डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत.

तरी ठरेना! विल्फी रोज फोन करायचा. "डॉक्टर, तुम्ही बोला, मी लावतो. पण बोला तरी ना यार, माल यायला टाइम लागतो!" डॉक्टर म्हणायचे, "उद्या सांगतो." शेजारीपाजारी कपाटं बांधत होते, आमच्याकडे खोक्यांत दातांचे साचे आणि सिमेंटच्या बाटल्या भरून झाल्या, आणि हा मनुष्य रिकाम्या दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीत स्वतःच आडवा पडून छताला विचारतोय, "रूट कॅनाल, की इम्प्लांट?" माझं डोकं सटकलं. मी त्यांच्या तोंडावरचा दिवा फट्कन लावला आणि म्हटलं, "डॉक्टर, ही माझी गाडी असती, तर तुम्ही मला काय सांगितलं असतं?"

डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं. "नवीन घाल. जुन्याची ताकदच नाही इतका मोठा टर्बो ओळखायची. त्याला रागावून उपयोग नाही, त्याने त्याचं काम केलं. मूळच्या प्लगमध्ये जसाच्या तसा बसेल असा घे, म्हणजे एकही वायर कापावी लागणार नाही. आणि इंजिन तापलं, पेट्रोल कमी पडलं, तर स्वतःहून दम खाईल असा घे. तुला काही झालेलं मला चालणार नाही." मग हळूच उठून बसले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही ते वाक्य मीच बोलले होते. मी म्हटलं, "फोन लावू विल्फीला?" ते म्हणाले, "लाव, लाव, लवकर लाव, माझं मत बदलायच्या आत!" आम्ही दोघं इतके हसलो, की वरून वहिनी बघायला आल्या.

नवा मेंदू निघाला न्यूझीलंडचा, आकाराने माझ्या पोळीच्या डब्याएवढा. जायच्या दिवशी कंपाउंडात टेम्पो उभे, हमाल गाद्या उतरवतायत, आणि मध्ये विल्फी मांडीवर लॅपटॉप घेऊन गाडीत बसलेला. सगळी सोसायटी गोळा झाली. नाडकर्णी बाई जरा लांब उभ्या. गेटबाहेर भंगारवाला दोर घेऊन हजर. डॉक्टरांनी किल्ली फिरवली. स्टार्टर नुसता कुरकुरला. विल्फीने आकडे बदलले. पुन्हा कुरकुर. "पेट्रोल जास्ती होतोय, थांबा जरा." भंगारवाला गेटच्या आत आला. मी मनातल्या मनात गावच्या वेतोबाला नारळ बोलले, तोही चांगला मोठा. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा किल्ली फिरवली आणि असा स्फोटासारखा आवाज झाला, की कबुतरं उडाली, उभ्या असलेल्या बाइक्सचे अलार्म वाजायला लागले, आणि धुराच्या लोटातून डॉक्टरांचा आवाज आला, "शाब्बास! आता चूळ भरा!"

नव्या मेंदूला एसी ओळखता येत नव्हता, म्हणून तो बंद. स्पीडचा काटा शून्यावर ठाण मांडून बसलेला. विल्फी म्हणाला, ते नंतर करू. डॉक्टर म्हणाले, "स्पीड कळून करायचंय काय?" वहिनी पुढच्या सीटवर बसल्या, मांडीवर देवांची पेटी, चेहरा कडक, पण पदर दाताखाली धरलेला, हसू दाबायला. गाडी गेटबाहेर पडली तेव्हा मी टाळ्या वाजवत होते, उड्या मारत होते, आणि भंगारवालासुद्धा टाळ्या वाजवत होता. त्या आनंदात डॉक्टरांचा नीट निरोप घ्यायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःला सांगितलं, की अंधेरीला बँकेत काम आहे. काम काही नव्हतं. दिंडोशीहून नेहमीच्या बसने निघाले आणि सोसायटीच्या गेटपाशी आले, तर कुलूप लावलेल्या गेटसमोर ती गाडी उभी, इंजिन चालू, आत डॉक्टर एकटे. मला बघून दचकले. म्हणाले, "टेस्ट ड्राइव्ह. विल्फीने लांब चालवायला सांगितलीय." मी म्हटलं, "माझं बँकेत काम होतं." बँक मागच्या चौकात राहिली होती, हे दोघांनाही माहीत होतं. दवाखान्याच्या खिडकीचे गज कालच कोणीतरी काढून नेले होते. मग त्यांनी आतून दार उघडलं आणि म्हणाले, "बस. तुला घरी सोडतो."

गाडी दिंडोशीकडे निघाली. बोलता येणंच शक्य नव्हतं. सिग्नलला रिक्षावाले माना वळवून बघत होते. एकदा डॉक्टरांनी ओरडून विचारलं, "आवाज फार होतोय का गं?" मी ओरडून म्हटलं, "नाही!" भयंकर होत होता. इतका, की मी रडले ते त्यांना ऐकू गेलं नाही, आणि ते रडले असतील तर मलाही नाही.