साहेबाला नमस्कार

आमच्या घरात कुणीच एका जागी बसत नाही. मुलगा बसत नाही म्हणून मी बसत नाही, आणि आम्ही दोघं घरभर फिरत असलो की नवराही चहाचा कप हातात घेऊन उभाच असतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. आम्ही त्याला बाबू म्हणतो. त्याला ऑटिझम आहे, आणि तो बोलत नाही.

वरठीला स्टेशनजवळ आमचं घर आहे. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत बाबूच्या दिवसभर येरझारा चालतात, आणि हातात एक पितळी झाकण असतं. ते माझ्या सासूबाईंच्या सुपारीच्या डब्याचं. लहान असताना अड्याळला त्यांच्या घरी त्याने ते उचललं, फरशीवर भिंगरीसारखं फिरवलं, आणि ते थांबेपर्यंत श्वास रोखून बघत राहिला. तेव्हापासून तो डबा उघडाच आहे. सासूबाई सुपारी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात आणि नातवाबद्दल तक्रार करत नाहीत. झाकण हातात असलं की बाबू चार माणसांत राहू शकतो. नसलं की थोड्याच वेळात तो स्वतःचं मनगट चावायला लागतो.

मी सरकारी नोकरीत आहे, भंडाऱ्याला ऑफिस. विम्याचा हप्ता माझ्या पगारातून दर महिन्याला न विचारता कापला जातो. पण बाबूच्या उपचारांची बिलं लावली की ती परत येत. कधी शेरा असे की हा आजार यादीत नाही, कधी असे की रुग्ण दवाखान्यात भरती नव्हता. ऑटिझमसाठी मुलाला भरती कुठे करतात, हे मी एकदा वरच्या ऑफिसला लेखी विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

मग एक दिवस परिपत्रक आलं. यापुढे कर्मचाऱ्यांच्या विम्यात ऑटिझमचं निदान आणि उपचार दोन्ही धरावेच लागतील, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आस्थापना शाखेतल्या भाऊंनी ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी ते उभ्यानेच वाचलं आणि तशीच बाहेर जाऊन पेढे आणले. शेवटी एक अट होती. दरवर्षी डॉक्टरांच्या बोर्डाने मुलाला तपासायचं, आणि उपचारांची गरज आहे असं बोर्डाने म्हटलं तरच पुढचं वर्ष मिळायचं. मी म्हटलं, तपासा की. तपासून काय वेगळं दिसणार आहे?

त्यानंतरचं वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही नागपूरची गाडी पकडायचो. तिथे एक ताई बाबूला जमिनीवर बसवून शिकवायची, लोळायला लावायची, दोरीवर चढवायची, आणि त्याने तिच्या डोळ्यांत एक क्षण पाहिलं तरी टाळी वाजवायची. हळूहळू तो बोट दाखवून पाणी मागायला लागला. न्हाव्याच्या खुर्चीत आरडाओरडा न करता बसला. जेवण होईपर्यंत ताटावरून उठेना. गाडीच्या दिवशी तर सकाळीच स्वतःच्या हाताने बूट घालून दाराशी उभा राहायचा. मला हे सगळं सगळ्यांना सांगावंसं वाटायचं आणि दृष्ट लागेल म्हणून मी कुणालाच सांगायची नाही.

बोर्डाची तारीख जवळ आली तशा सासूबाई अड्याळहून येऊन बसल्या. मोठ्या माणसासमोर जायचं तर कसं जायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक. तलाठी असो, डॉक्टर असो, बँकेचा मॅनेजर असो, धुतलेले कपडे, तेल लावून चोपलेले केस आणि आत पाऊल टाकताच नमस्कार. आमच्याकडे सगळे असेच जातात, मीही अशीच जाते.

"साहेबाले नमस्कार कर, बाबू," त्या म्हणायच्या आणि झाकण आपल्या पदराखाली धरायच्या. बाबू धुसफुसायचा. त्या त्याचे दोन्ही हात धरून जुळवायच्या आणि लगेच झाकण हातात द्यायच्या. पुन्हा झाकण पदराखाली, पुन्हा साहेबाले नमस्कार. मला वाटलं, काही उपयोग नाही. पण तो शिकला. हात जोडले की झाकण मिळतं, एवढं त्याला कळलं. सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं.

नागपूरला बोर्डाच्या खोलीत तीन डॉक्टर होते, आणि बोलणारा एकच. बाबूने नवा शर्ट घातला होता. नवऱ्याने हळूच म्हटलं, "साहेबाले नमस्कार कर," आणि बाबूने हात जोडले. झाकण मिळालं. ते मांडीवर धरून तो खुर्चीत शांत बसला. पाण्याचा ग्लास दाखवल्यावर त्याने बोट दाखवलं. डॉक्टर खूश झाले.

"छान आहे की हो मुलगा," ते म्हणाले. "उगीच घाबरता तुम्ही. चांगली वळणं लावली आहेत घरच्यांनी."

आम्ही दोघं हसलो. वेड्यासारखे हसलो. कुणी परक्याने बाबूला चांगलं म्हणण्याची आम्हाला सवय नव्हती. उठताना नवऱ्याने हात जोडले, मी जोडले. बाहेर येऊन कागद वाचला, तेव्हा कळलं. उपचारांची आवश्यकता दिसत नाही, घरी सराव चालू ठेवावा.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. साहेब छान म्हणाला, एवढंच त्यांनी ऐकलं. "मी म्हनत नवती काय? पोरगा चांगलाच हाये." त्यांनी फोन करून अड्याळच्या निम्म्या घरांना कळवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण त्या म्हातारीच्या तोंडावरचा आनंद बघून मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटत बसले. चूक तरी कुणाची काढायची? जे आम्ही डॉक्टरांना दाखवलं तेच त्यांनी लिहिलं. ते दिसायला वर्षभर किती घाम गाळावा लागला, ते दाखवायला आमच्याकडे काही नव्हतं.

उपचार थांबले. मंगळवारी बाबू बूट घालून दाराशी उभा राहिला. शुक्रवारीही राहिला. पुढच्या मंगळवारी मी बूट कपाटावर ठेवले, तर तो अनवाणीच उभा राहिला. गाडी आली की आमच्या घरात ऐकू येते. ती गेल्याचा आवाज आला की तो दारावर डोकं आपटायचा. मग न्हावी गेला, ताटावर बसणं गेलं, बोट दाखवणं गेलं. मनगटावर पुन्हा दातांच्या खुणा दिसायला लागल्या. मी ऑफिसात फाइल उघडायची आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचायची.

मी फेरतपासणीचा अर्ज केला. भाऊंनी अर्ज पुढे पाठवला आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"मॅडम, तुमीच चुकले," ते म्हणाले. "नटवून-सजवून कायले नेलं पोराले? गुडघ्याच्या तपासनीले जानारा मानूस गेटापासून लंगडत जाते. तुमी तं पोराले पळत नेलं."

"मग काय करू?"

"जुना शर्ट घाला. जेवाच्या टायमाले न्या, पन खाऊ घालू नका. अन् ते झाकन देऊ नका त्याच्या हातात. पाहू द्या ना त्याहिले काय होते तं."

भाऊ वाईट माणूस नाही. त्यांना खरंच माझ्या मुलाचं भलं व्हायला हवं होतं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ते दरवर्षीच करा लागन मंग." मी म्हटलं, "लागलं तर करू." दोघांनाही त्या रात्री झोप आली नाही.

सासूबाईंना यातलं अर्धंच सांगितलं होतं. जुना शर्ट बघून त्या चिडल्या. "साहेबासमोर असा जाईन काय पोरगा? लोक म्हनतीन, याले कोनी हाये का नाही." मी म्हटलं, आई, आज काही बोलू नका. त्या गप्प बसल्या. पण मी जेवणाचा डबा भरत होते तेवढ्यात त्यांनी बाबूच्या केसांना तेल लावून भांग पाडलाच. विटका शर्ट आणि चोपलेले केस, असा तो फेरतपासणीला निघाला. झाकण नवऱ्याच्या पँटच्या खिशात होतं.

दवाखान्यात बाकावर आम्ही बसलो, म्हणजे आम्ही बसलो आणि बाबू फिरत राहिला. आमच्या आधी बरीच मंडळी होती. भिंतीवरचा पंखा करकरत होता, एक ट्रॉली खडखडत गेली, कुणीतरी मोठ्याने नाव पुकारलं. बाबू कान दाबून माझ्याकडे आला, माझी पर्स उलटी केली, त्यात हात घालून शोधलं. झाकण नव्हतं. डब्याकडे बोट दाखवायचं तो विसरला होता, नुसता डब्यावर हात आपटला. मी डबा मांडीखाली घेतला.

आता थोडाच वेळ, मी स्वतःला सांगत होते. आता तो चावेल, ओरडेल, खाली लोळेल, आणि तेवढ्यात आपला नंबर लागू दे. देवा, इथे नको, आत गेल्यावर. माझ्या पोटच्या पोराने नेमकं डॉक्टरांसमोर कोसळावं म्हणून मी देवाला हात जोडत होते. माझा जीव तुटत होता आणि तरी मी डबा सोडत नव्हते. मनात त्या परिपत्रकाला, त्या अटीला, ती अट लिहिणाऱ्याला मी तोंडाला येईल ते बोलत होते.

बाबूचं मनगट तोंडाकडे गेलं. दात टेकले. आणि तो थांबला.

तो नवऱ्याच्या समोर जाऊन उभा राहिला. खिशातून झाकणाचा गोल आकार वर उठून दिसत होता, त्याकडे त्याने पाहिलं. मग वर पाहिलं, सरळ बापाच्या डोळ्यांत. आणि त्याने हात जोडले.

कुणीही त्याला काही म्हटलं नव्हतं. साहेबाले नमस्कार कर, असं म्हणायला सासूबाई तिथे नव्हत्या. गेलेलं सगळं जाऊन एवढंच त्याच्याजवळ उरलं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या मनाने बाहेर काढलं होतं. आजवर त्याने बापाच्या डोळ्यांत बघून आपणहून काही मागितलं नव्हतं. आता मागत होता, स्वतःचीच वस्तू, साहेबाकडे मागावी तशी. भुकेने त्याचे ओठ थरथरत होते आणि जोडलेले हात तो खाली घेत नव्हता.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"दे," मी म्हटलं.

"पन आता नंबरच—"

"दे म्हटलं ना त्याले!"

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. नवऱ्याने झाकण दिलं. मी डबा उघडून बाबूला पोळीचा घास भरवला, तर त्याने तो खाल्ला आणि पुढच्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

आत तेच डॉक्टर होते. त्यांनी बाबूला ओळखलं. "ये, ये. नमस्कार कर बघू. मागच्या वेळी किती छान केला होतास." बाबूने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. टेबलाच्या काचेवर त्याने झाकण उभं धरून फिरवलं. डॉक्टर हात जोडून थांबले होते. झाकण घरंगळत, वाजत, थांबत आलं, आणि त्याने ते परत उचललं.

"नमस्कार तो आत्ताच करून आला, बाहेर," मी म्हणाले. "त्याच्या बाबांना. हे झाकण मागायला." माझा आवाज चढला होता, मी तो खाली आणला नाही. "तुम्ही मागच्या वेळी जे बघितलं ना, ते उपचारांमुळे होतं. चष्मा लावून नीट दिसतं म्हणून कुणी चष्मा काढून घेतं का? तुम्ही काढून घेतला. आता बघा."

मी त्याची बाही वर करून मनगट दाखवलं. नवरा खाली बघत होता. डॉक्टरांनी पुढे वाकून त्या खुणा पाहिल्या.

"हे झाकण काढून घेतलं तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"घेऊन बघा," मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. बाबूने झाकण दोन्ही हातांनी छातीशी धरलं. डॉक्टरांचा हात टेबलाच्या मध्यापर्यंत आला, तिथेच थोडा वेळ राहिला, आणि त्यांनी तो मागे घेऊन पेन उचललं.

उपचार चालू ठेवावेत, एक वर्ष. पुढच्या वर्षी मुलाला पुन्हा तपासणीसाठी आणावे.

परतीच्या गाडीत मी कागद नीट घडी करून ठेवला आणि लगेच पुढच्या वर्षाचा विचार सुरू झाला. येत्या मंगळवारी तो बूट घालेल. ताई टाळ्या वाजवेल. तो पुन्हा बोट दाखवेल, ताटावर बसेल, कदाचित एखादा शब्दही बोलेल. आणि तो जितका सुधारेल तितकी मला त्या खोलीची धडकी भरेल. मला तो सुधारायला हवा आहे, मला दुसरं काहीच नको आहे. बाबू खिडकीशी उभा होता, मीही उठून त्याच्या शेजारी उभी राहिले.

भंडारा रोड, म्हणजे आमचं वरठीचं स्टेशन, यायच्या आधीच सासूबाईंचा फोन आला.

"झालं काय वो?"

"झालं, आई. एक वर्ष मिळालं."

"अन् नमस्कार केला काय त्यानं साहेबाले?"

"नाही केला."

"काहून?"

मी बाबूकडे पाहिलं. त्याने झाकण अजूनही छातीशी धरलं होतं.

"त्याचे हात रिकामे नव्हते," मी म्हणाले.