कदम सरांचा क्लास आणि पुसता येणारे फोटो

आम्ही क्लासचे जुने विद्यार्थी भेटलो की कुणीतरी म्हणतंच, "आता सांगण्यासारखं काही उरलं नाही." मग जेवणं थंड होईपर्यंत क्लासच्याच गोष्टी चालतात. मी सांगलीत कदम सरांकडे फोटोग्राफी शिकले. पुढे त्यांचा स्टुडिओ, मागच्या खोलीत आमचा क्लास.

तेव्हा रोलचे दिवस. या रविवारची चूक रोल धुतल्यावर, पुढच्या रविवारी कळायची. विट्याच्या संपतनं मावसबहिणीचं अख्खं लग्न काढलं. सरांनी कॅमेरा उघडला, तर आत रोलच नाही.

सर शांतपणे म्हणाले, "नवरा-नवरी तरी होते ना रे तिथं?"

*

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा संपतच्या भावानं चेन्नईहून डिजिटल कॅमेरा आणला. तिकडं त्याचं सोनं गाळायचं दुकान होतं.

सरांनी कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला. "रोल कुठं घालायचा?"

"रोल न्हाई सर, कॉम्प्युटरची फ्लॉपी," संपत म्हणाला.

सरांनी आमचा ग्रुप फोटो काढला. तो लगेच कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर आला. निम्म्या फोटोत आम्ही, निम्म्यात सरांचं बोट. कुणी हसेना.

"आजवर माझ्या चुका डार्करूममध्ये राहायच्या," सर म्हणाले. "आता तुमच्यासमोर होणार."

त्यानंतर सर आधी मुद्दाम बिघडवलेला फोटो काढून दाखवायचे, मग चांगला. कुठला मुद्दाम आणि कुठला आपोआप, हे आम्ही कधी विचारलं नाही.

*

संपतनं एकदा दुपारभर दारातल्या मांजराचे फोटो काढले. काढायचा, बघायचा, पुसायचा.

"काय शिकलास?" सरांनी विचारलं.

"पुसायला, सर."

"आता पडद्याकडं न बघता एकच काढ."

संपतनं मान वर केली. मांजर केव्हाच गेलं होतं.

*

सरांच्या आई मलकापूरला राहायच्या. घरातल्या प्रत्येक फोटोत त्यांचे डोळे मिटलेले, कारण फ्लॅश उडाला की त्या दचकायच्या. एका रविवारी त्या सांगलीला आल्या, तेव्हा सरांनी त्यांना क्लाससमोर बसवलं. काढला, मिटलेले. पुसला. पुन्हा मिटलेले. पुन्हा पुसला. अखेर एकात डोळे टक्क उघडे आले. सरांचा चेहरा असा फुलला की आम्ही टाळ्याच वाजवल्या.

आईंनी पडदा जवळ घेऊन पाहिला. "ही कोण रं, टकामका बघतीया?"

"आई, तूच."

"ह्यो नगं. डोळं मिटल्याला ठेव. ती वळखीची हाय."

पण ते सगळे सरांनी पुसले होते. बिचाऱ्यांनी पुन्हा कॅमेरा लावला. "बरं, आता मी बटण दाबताना डोळे मिट."

त्या दिवशी आईंचे डोळे काही मिटेनात.